डोंगर फोडायचा आणि वर सॅक्सोफोन वाजवायचा?

थोडं स्पष्टच बोलतो. पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा.

शहराच्या पोटात उरलेल्या जंगलावर, टेकडीवर कुणी जॅझ बांधतो म्हटलं की आपल्याकडे लोक म्हणतात, "पोट भरलेल्यांचे चोचले!" मला हे मान्य नाही. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, गोव्याच्या चिक चॉकलेटसारख्या जॅझवाल्यांना सोबत घेऊन काम केलं आणि त्या गाण्यांवर आपले आजोबाही नाचले. जॅझ परका नाही.

जॉन कोल्ट्रेनने १९६० साली 'सेंट्रल पार्क वेस्ट' रेकॉर्ड केलं. नाव बागेलगतच्या रस्त्याचं. न्यूयॉर्कमध्ये जागेला सोन्याचा भाव, तरी मधोमध ८४३ एकर बाग राखली. आधी बाग राहिली, मग सूर आला.

आपल्याकडे? ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेत रातोरात कुऱ्हाड चालली. सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. त्याच वर्षी 'स्वदेशी' या गटाने 'द वारली रिवोल्ट' केलं. तो रॅप आहे, जॅझ नाही. पण त्यात आरेच्याच पाड्यावरच्या प्रकाश भोईरांचा आवाज आहे. ज्याची जागा, त्याचा आवाज! जागेवरून गाणं करायचं तर असं.

आता आपल्या दारात या. वेताळ टेकडीसाठी पुणेकर २०२३ मध्ये रस्त्यावर उतरले. तेच पुणे आता भोर-वेल्ह्याकडे सरकतंय. प्लॉटिंगच्या रील्स बघा. मागे संथ सॅक्सोफोन, पक्ष्यांचा किलबिलाट आणि "निसर्गाच्या कुशीत" अशी पाटी. कॅमेरा जरा वळला की जेसीबीने कापलेला लालभडक डोंगर. पक्षी हुसकावले, आवाज तेवढा डाउनलोड केला. याला संगीत म्हणत नाहीत, याला चोरी म्हणतात.

उत्रोलीत कुणी म्हणेल, "आम्हाला एमआयडीसी पाहिजे, रोजगार पाहिजे, गाण्याचं काय घेऊन बसलात?" रोजगार मलाही पाहिजे. पण डोंगर फोडून विकलेल्या प्लॉटवर आपल्या पोरांना मिळतं काय? गेटवरची वॉचमनकी. आणि फुटलेला डोंगर पावसात खाली येतो तो कुणाच्या भातखाचरात? आपल्याच ना?

म्हणून कलाकारांना एकच सांगणं आहे. डोंगराकडून सूर घ्या, खुशाल घ्या. पण उद्या त्याच डोंगरावर जेसीबी चढला तर अर्जावर सही करायला या. आणि गावकऱ्यांनो, रीलला लाइक करण्याआधी तहसीलमध्ये जाऊन विचारा, गौण खनिज उत्खननाची परवानगी कुठाय?