बस विजेची झाली, पण नोकरी कंत्राटी का?

शहरातल्या बस डिझेल सोडून सीएनजीवर आणि विजेवर धावू लागल्या, याला आमचा विरोध नाही. डिझेलचा धूर सर्वात जास्त कोणाच्या छातीत जातो? रस्ता झाडणाऱ्याच्या, सिग्नलवर विकणाऱ्याच्या, हायवेलगतच्या वस्तीत राहणाऱ्याच्या. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर बस सीएनजीवर आल्या, त्याचा फायदा या माणसांनाही झालाच. त्यामुळे पर्यावरण हा उच्चवर्णीयांचा छंद आहे, असं म्हणणाऱ्या आपल्या मित्रांशी आम्ही सहमत नाही.

आमचं भांडण वेगळं आहे. केंद्राच्या 'फेम-२' योजनेने २०१९ पासून सार्वजनिक उपक्रमांच्या विजेच्या बसला अनुदान दिलं, पण ते ठेकेदाराकडून बस चालवून घेण्याच्या अटीवर. २०२३ ची 'पीएम ई-बस सेवा' १०,००० बस आणते, त्याही खासगी भागीदारीतून. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, उपक्रम फक्त किलोमीटरप्रमाणे पैसे मोजणार. मुंबईत बेस्टनेही हाच भाडेतत्त्वाचा रस्ता धरला.

आता संविधान काढून बघा. कलम १६(४) चं आरक्षण राज्याच्या सेवेतल्या पदांना आहे. ठेकेदाराला ते लागू नाही. बेस्टमध्ये, एसटीत चालक-वाहक असलेल्या बापाच्या कायम पगारावर आपल्या कितीतरी घरांत पहिली पदवी आली. ती पदं कोणी कायद्याने रद्द केली नाहीत. भरतीच थांबली की आरक्षण आपोआप संपतं. विजेची बस आवाज करत नाही. आरक्षणही तसंच, आवाज न करता गेलं.

'उपक्रम तोट्यात आहे, ठेकेदार स्वस्त पडतो,' असं सांगितलं जातं. स्वस्त कशामुळे? ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईतल्या भाडेतत्त्वावरील बसच्या चालकांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं होतं, उत्तर तिथे आहे. अनुदान जनतेचं, आगाराची जमीन जनतेची, मग मालकी तेवढी खासगी का?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा वीज हाही विषय त्यांच्याकडे होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली. मालकी कोणाची, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. आपणही सोडता कामा नये.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अनुदान उपक्रमाला स्वतःच्या बस घेण्यासाठी द्या. रिक्त पदं बिंदुनामावलीप्रमाणे भरा. कंत्राटी चालकांना समान कामाला समान वेतन द्या.

तरुणांनो, आपल्या शहराच्या परिवहन उपक्रमात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. चालकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, राखीव किती रिक्त, शेवटची भरती कोणत्या वर्षी, एवढं विचारा. उत्तर हातात आलं की वस्तीत बैठक घ्या. हवा स्वच्छ हवीच, पण हक्काची भाकरी गमावून नको.

जय भीम! जय संविधान!