गिऱ्हाणात नव्हे, दुसऱ्या महिन्यात

आमच्या वस्तीतल्या एका सुनेचे बाळ जन्मताच धापा टाकू लागले. अंग निळसर, पोट खपाटीला गेलेले. साताऱ्याला नेले, फोटो काढला, तेव्हा आतडी छातीत सरकलेली दिसली. तिसऱ्या दिवशी बाळ गेले. सांत्वनाला गेलो तर सासूबाई सर्वांदेखत म्हणत होत्या, "सातव्या महिन्यात गिऱ्हाण लागलं, हिनं भाजी चिरली. सांगून ऐकंना!" पोरगी खाली मान घालून बसली होती.

आम्ही पडलो जमाखर्चाची माणसे. कोणतीही नोंद आली की तारीख आधी बघायची, ही आमची खोड. म्हणून डॉक्टरांना विचारले, कॉलेजातल्या पोरांची पुस्तके चाळली.

औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळी शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. नमस्कारात श्वास आत घेताना पोट पुढे येते, कारण छाती आणि पोट यांच्यामधला मांसल पडदा खाली दबतो आणि फुप्फुसांना जागा होते. हे श्वासपटल. बकऱ्याला, गाईला, उंदरालाही ते असते. कोंबडी साफ करताना मात्र बघा, असा पडदा सापडणार नाही. तिची फुप्फुसे बरगड्यांना चिकटलेली असतात. बेडूक तर घशाने हवा गिळतो.

आता तारीख. गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. छाती-पोट वेगळे नसतेच, दोन्ही मिळून एकच पोकळी. पडद्याची सुरुवात होते चक्क मानेजवळ! गर्भ वाढतो तसा पडदा खाली येतो, पण त्याची नस मानेतूनच येत राहते. मागच्या बाजूला दोन भोके उरतात, ती साधारण आठव्या आठवड्यापर्यंत बुजतात. डावे उशिरा बुजते, म्हणून हा दोष डावीकडेच जास्त आढळतो. आतडी तोवर नाळेत वाढत असतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ती पोटात परततात. भोक उघडे राहिले असेल तर थेट छातीत शिरतात, आणि फुप्फुस वाढायला जागाच उरत नाही.

म्हणजे भोक राहिले ते दुसऱ्या महिन्यात. तेव्हा तर दिवस गेल्याचे पोरीलाही धड ठाऊक नसते. सातव्या महिन्यातली भाजी तिथवर पोचणार कशी? अडीच-तीन हजार बाळांत एखाद्याला हा दोष असतो आणि बहुतेकांत कारण सापडत नाही. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत तो पुष्कळदा दिसतो. (मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नका, १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.) आधी कळले तर नवजात बाळांची शस्त्रक्रिया होते अशाच मोठ्या रुग्णालयात बाळंतपण ठरवता येते. तिथे बाळाचा श्वास आधी सावरतात, मग भोक शिवतात. सगळी वाचत नाहीत, पण पुष्कळ वाचतात.

हे सगळे आम्ही सासूबाईंना सांगितले. "मावशी, बोटांवर महिने मोजा." त्यांनी मोजले. दोनदा मोजले. मग सुनेला म्हणाल्या, "बस गं, च्या मी टाकते."

यंदा पोरीला पुन्हा दिवस आहेत. सोनोग्राफीच्या दिवसाची रजा आम्ही आधीच टाकून ठेवली आहे. मावशीही येणार म्हणतात.