आधी भोजनगृह

या स्मरणिकेच्या निमित्ताने संस्थेपुढे दोन प्रस्ताव आले आहेत: भव्य प्रवेशद्वार उभारावे, की विद्यार्थ्यांसाठी भोजनगृह बांधावे. दोन्हींना पुरेल एवढा निधी नाही. माझे मत असे, की आधी भोजनगृह व्हावे.

आज मुले वर्गांपुढच्या पडवीत जेवतात. आषाढात पावसाची झड आत येऊ लागली, की जो तो ताट उचलून आपल्या खोलीत जातो. पोट भरते, पण पंगत मोडते. कोण एकटे जेवले, घरून आलेला डबा कोणासाठी उघडला आणि कोणासाठी झाकला, हे मग आम्हां शिक्षकांना दिसत नाही. नव्याने दाखल झालेले मूल पहिले काही आठवडे अर्ध्या ताटावरून उठते. तेही पंगतीतच लक्षात येते.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. वसतिगृहाचे शिक्षण स्वयंपाकघरापासून सुरू होते, हे कर्मवीरांनी ओळखले होते.

वेरूळच्या पाचव्या लेण्यात मंडपाच्या लांबीभर दगडातच कोरलेले दोन बुटके बाक आहेत. भिक्षू तेथे भोजनाला बसत की पाठाला, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. मला वाटते, दोन्हींसाठी बसत असावेत. या लेण्याला पूर्वी ‘महारवाडा’ म्हणत. सहलीत मी ते नाव मुलांना मुद्दाम सांगतो.

आपल्यालाही तशीच जागा हवी. जेवणानंतर ताटे उचलली, की तेथे वाचन व्हावे, कॅरम मांडला जावा, मुलांनी नुसते बोलत बसावे. भेटीच्या रविवारी पालक सायकलस्टँडच्या सावलीत भाकरी सोडतात. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात, ती मुले त्या दिवशी वसतिगृहाच्या मागे जाऊन बसतात. मोठे छप्पर असेल, तर त्या दिवशी सर्वांची मिळून एकच पंगत बसवता येईल. माझ्या दृष्टीने ही वास्तू बांधण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

काही माजी विद्यार्थी म्हणतात, सभागृह झाले की ते लग्नकार्यांना भाड्याने जाईल. भीती रास्त आहे. म्हणून पायाभरणीपूर्वीच कार्यकारिणीने तसा लेखी प्रतिबंध करावा. आणखी एक सूचना: केवळ पत्र्याचे छप्पर नको. पावसात त्याखाली शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही आणि उन्हाळ्यात बसवत नाही. जोते उंच असावे, हात धुण्याचे नळ बाहेरच्या बाजूस असावेत.

प्रवेशद्वारावर देणगीदारांची नावे रस्त्यावरून दिसतात, हे मी जाणतो. भोजनगृहातील नावे मुले रोज दोनदा वाचतील. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान जोते तरी पूर्ण व्हावे.