टाकी धुतल्याची तारीख दाखवा!

चंदन नदीच्या काठी वसलेल्या रामपायलीत कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला पंचक्रोशीतून माणूस लोटतो. दर्शन घेऊन निघणारा प्रत्येक जण, मग तो वारासिवनीचा असो की गोंदियाचा, कुठल्यातरी नळाखाली ओंजळ धरतो आणि ते पाणी निःशंक मनाने पितो. त्या विश्वासाची राखण करण्याचे व्रत ज्यांनी पदासोबत स्वीकारले, त्या गावोगावच्या कारभाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. टाकी शेवटची कधी धुतली?

नळयोजना मंजूर झाली की फलक झळकतात, टाकी उभी राहिली की नारळ फुटतो, फीत कापायला हातांची झुंबड उडते. पण त्याच टाकीत शिडी सोडून, भिंतीवरचा बुळबुळीत थर ब्रशने खरडून काढण्याची वेळ आली की एकही हात पुढे येत नाही. धुलाईच्या दिनांकासाठी टाकीवर रंगवलेली चौकट कोरी राहते, नाहीतर तीत जुनीच तारीख फिकट होत जाते. ही हयगय नव्हे, हा अपराध आहे.

तो थर म्हणजे निव्वळ शेवाळ नव्हे. ती असंख्य जिवाणूंची वसाहत आहे. स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्याचे चिलखत पांघरून ते तेथे ठाण मांडतात, आणि मोकळ्या पाण्यात त्यांना मारणारी औषधाची मात्रा शेकडोपट वाढवली तरी त्या चिलखताआड निष्प्रभ ठरू शकते. ब्लीचिंग पावडर ओतून कृतकृत्य होणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे की त्यातले क्लोरीन या थराशी झुंजतच खर्ची पडते. नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरावे हा भारतीय मानकाचा दंडक मग कागदावरच राहतो. त्यात पाणी येणार तासभर, पाइप रिकामा दिवसभर. दाब ओसरताच फुटक्या जोडांतून गटार आत शिरते. आलेल्या रोगजंतूला घर तयारच असते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ उसळली, रुग्ण दोनशेच्या पुढे गेले, कित्येकांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि बोट दूषित पाण्याकडे वळले. चालतीबोलती माणसे कृत्रिम श्वासावर गेली. महानगराची ही गत, तर खेड्याला वाली कोण?

हाच थर डेअरीच्या पाइपात बसला की तापवून निर्जंतुक केलेले दूध पुन्हा नासवतो, कारखान्याच्या शीतकरण नळ्यांत बसला की उष्णता अडवतो, पोलाद कुरतडतो, रुग्णाच्या लघवीच्या नळीवर बसला की प्रतिजैविकांना दाद देत नाही. कारखानदार यंत्र अडताच मिस्त्री बोलावतो, कारण तेथे पैसा बुडतो. टाकीपायी लेकरे हगवणीने आडवी होतात, तेव्हा मात्र फाइल फिरते.

अज्ञानाची सबबही चालणार नाही. डच सूक्ष्मदर्शक-संशोधक लेव्हेनहुकने १६८३ मध्येच स्वतःच्या दातांवरचा थर भिंगाखाली धरून त्यात वळवळणारे जीव जगाला कळवले होते. उपायही आवाक्यातले आहेत: टाकी रिकामी करून घासावी, क्लोरीनने धुवावी, पाइपांची शेवटची तोंडे उघडून साचलेला गाळ वाहू द्यावा. हे ज्यांच्याने होत नाही, त्यांनी खुर्ची सोडावी.

रामपायलीकरांनो, येत्या ग्रामसभेत टाकी धुतल्याची तारीख आणि नळावरच्या क्लोरीनची नोंदवही मागा. ती समोर येईपर्यंत सभा उठू देऊ नका.