पत्ता सांगणारा चुकतो, संगणक नव्हे

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत दुरुस्ती बंद झाली. नवी विंडोज ११ पुष्कळ जुन्या संगणकांवर चढत नाही. म्हणून जुना संगणक भंगारात न देता त्यावर फुकट मिळणारे लिनक्स घालावे, असे आम्ही म्हणतो. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' प्रणालीही लिनक्सच आहे.

मात्र लिनक्सवर एक अडचण हमखास येते. मुलगी पायथॉन शिकत असते. ती त्याची नवी आवृत्ती बसवते. मग 'व्हिच' ही आज्ञा देऊन पायथॉन कुठे आहे असे विचारते. उत्तरात नव्या आवृत्तीचा पत्ता येतो, पण प्रत्यक्षात चालते जुनीच! लगेच घरात बोलणे सुरू होते की संगणक बिघडला, फॉरमॅट करून आणा. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. दुकानदाराचे पैसे जातातच. शिवाय मुलांचा अभ्यास, घरचे फोटो आणि जातवैधतेच्या कागदांच्या प्रतीही जाऊ शकतात.

पालकांनो, हा बिघाड नव्हे. इंदोऱ्यात एखाद्या मेश्रामांना निरोप द्यायचा आहे असे समजा. निरोप्याजवळ गल्ल्यांची यादी आहे. यादीतल्या क्रमाने तो जातो आणि पहिले मेश्राम भेटले की निरोप देऊन मोकळा होतो. संगणकातल्या या यादीला 'पाथ' म्हणतात आणि निरोप्याला 'शेल'. हा निरोप्या एकदा सापडलेले घर लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी यादी न पाहता थेट तिथेच जातो, मग अलीकडच्या गल्लीत नवे मेश्राम राहायला आले तरी!

'व्हिच' हा दुसराच माणूस आहे. तो यादी घेऊन नव्याने फिरतो आणि नवे घर सांगतो. निरोप्याच्या डोक्यात काय आहे, त्याने कोणाला कोणते टोपणनाव दिले आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. मुळात 'व्हिच' आली बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समधून, सी-शेल नावाच्या वेगळ्या शेलसाठी. आज लिनक्सवर बहुतेक ठिकाणी असते ते 'बॅश', १९८९ साली आलेले. तेव्हा विचारायचे ते निरोप्यालाच.

पहिली गोष्ट : 'टाइप' लिहून, जागा सोडून आज्ञेचे नाव द्या. उत्तरात 'हॅश्ड' हा शब्द आणि जुना पत्ता आला, तर शेल आठवणीवर चालला आहे. 'एलिअस्ड' आले, तर ते टोपणनाव आहे.

दुसरी गोष्ट : 'टाइप'नंतर आडवी रेघ आणि 'ए' अक्षर घालून तेच विचारा. त्या नावाची सगळी घरे क्रमाने दिसतील.

तिसरी गोष्ट : शेल आठवणीवर चालला असेल, तर 'हॅश', जागा, आडवी रेघ आणि 'आर' असे लिहा. जुनी आठवण पुसली जाते. आज्ञा लिहायची खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तरी हेच काम होते.

एक सावधगिरी मात्र पाळावी. घोळ मिटवण्यासाठी लिनक्सबरोबर आलेले जुने पायथॉन काढून टाकू नका. उबुंटू, डेबियन यांसारख्या प्रणालींची स्वतःची कामे त्याच्यावर चालतात. ते गेले तर पडद्यावरचे नेहमीचे रूपही जाऊ शकते. मग खरोखरच दुकान गाठावे लागेल.

जुना संगणक पाहून पुष्कळ मुले मनात म्हणतात, "आपल्याजवळ चांगले यंत्र नाही, म्हणून आपल्याला जमत नाही." वरचा घोळ कालच घेतलेल्या महागड्या संगणकावरही असाच होतो. हे मुलांना जरूर सांगावे, आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी या तीन गोष्टी त्यांच्याच हातून करून घ्याव्यात.