श्रम: शिक्षणाचा भाग, की गरिबीची खूण?

१/ 'कमवा आणि शिका' म्हटले की महाराष्ट्राला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात, आणि ते योग्यच आहे. याच विचाराचा दुसरा, कमी चर्चिला गेलेला प्रवाह पुण्यातील औंध परिसरात आहे: पूर्वीचे स्पायसर मेमोरिअल कॉलेज, आताचे स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ.

२/ सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची ही संस्था १९१५ मध्ये कोइम्बतूरला सुरू झाली व १९४२ मध्ये पुण्यास आली. पंथाच्या एक संस्थापक एलेन व्हाइट यांच्या मते बुद्धी, हृदय आणि हात यांचे शिक्षण एकत्रच व्हावे. श्रीमंताच्या मुलालाही त्यातून सूट नाही. म्हणून वर्गांच्या जोडीला शेती आणि बेकरी आली. कामाचा मोबदला शुल्कात वळता होई. पुणेकरांच्या परिचयाचा स्पायसरचा पाव याच परंपरेतला.

३/ भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राबत, एकत्र जेवत. येथील श्रमामागे धर्माज्ञा नव्हती. जातिभेद आणि दारिद्र्य यांच्याशी झुंज होती.

४/ प्रेरणा भिन्न, सूत्र एकच: काम सर्वांनी करायचे. आजच्या विद्यापीठीय योजनांतून हेच सूत्र निसटले. काम केवळ गरजूंपुरते उरले.

५/ कचारगडच्या परिसरातून शहरात आलेला गोंड विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतो आणि सधन वर्गमित्र ती वाचतो. त्याला पैसे मिळतात, पण श्रमाला प्रतिष्ठा मिळत नाही. ती हवी असेल, तर कामाचा तास सर्वांना असावा आणि मोबदला गरजूंना.