फेरो बेटं 'कव्हर' होत नाहीत

परवा ऑफिसातल्या एका मित्राने त्याच्या युरोप ट्रिपची एक्सेल शीट दाखवली. अकरा दिवस, चार देश, आणि मधे एका पिवळ्या रकान्यात 'फेरो - २ दिवस'. म्हटलं, बाबा रे, हा रकाना खोड. तर म्हणतो, "इन्स्टावर बघ, सगळे दोन दिवसांतच कव्हर करतात." मंडळी, आजचा सगळा राग त्या 'कव्हर'वर आहे.

आधी व्हिसा. फेरो हा डेन्मार्कच्या राज्याचा भाग असला तरी तो ना युरोपियन युनियनमध्ये, ना शेंगेनमध्ये. नुसता शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. डेन्मार्ककडे अर्ज करून व्हिसावर फेरोसाठी वैध अशी वेगळी नोंद करून घ्यावी लागते. मित्राचा व्हिसा फ्रान्सचा. "कुणी बघत नाही हो" असं सांगणारे महाभाग भेटतात, पण अडकल्यावर ते फोन उचलत नाहीत.

बरं, व्हिसा मिळाला असं धरू. १८ बेटं, जेमतेम पंचावन्न हजार वस्ती, आणि तोर्सहाव्नमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस. इथे वेळापत्रक तुम्ही नाही, धुकं ठरवतं. हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. आई-बाबांना घेऊन जुलैत गेलो होतो, तीन दिवसांसाठी. बाबांना मिकिनेस बेटावरचे पफिन बघायचे होते, त्यासाठी रिटायरमेंटनंतर त्यांनी खास दुर्बीण घेतलेली. पहिल्या दिवशी बोट रद्द. दुसऱ्या दिवशीही रद्द. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन, बोट सुटली, आणि आमचं दुपारचं विमान! बोट गेली म्हणजे संध्याकाळी परत येईलच याची खात्री नसते, लोक तिकडेच अडकतात. बाबा सोर्वागुरच्या धक्क्यावर दुर्बीण गळ्यात घालून बोट दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. काही बोलले नाहीत. बोटीला काय दोष द्यायचा, शेड्यूल मीच केलं होतं. रिलीजच्या प्लॅनमध्ये बफर नाही म्हणून मॅनेजरला शिव्या घालणारा मी!

यावर काही हुशार लोक म्हणतात, मग हेलिकॉप्टर घ्या, स्वस्त आहे. स्वस्त आहे कारण ते तिथल्या लोकांसाठी सरकारी पैशावर चालतं. ज्या गावांना धड बोटही नाही त्यांची ती एसटी आहे. म्हणून पर्यटकांना त्याच दिवशी जाऊन-येऊन करता येत नाही, एकाच बाजूचं तिकीट मिळतं. एसटीत फोटोसाठी जागा अडवणाऱ्याला आपण काय म्हणतो?

तीच गत पायवाटांची. समुद्रावर तरंगल्यासारखं दिसणारं ते तळं, सोर्वाग्सवात्न (खरं तर समुद्रापासून फक्त तीस-चाळीस मीटर उंच, बाकी सगळी कॅमेऱ्याच्या कोनाची करामत), तिथे चालायला दोनशे क्रोनरच्या आसपास फी आहे. "डोंगराला कसले पैसे?" अहो, तो डोंगर कुणाच्यातरी मेंढ्यांचं कुरण आहे, आणि आपल्या बुटांनी त्याचा चिखल होतो. २०१९च्या एप्रिलमध्ये त्यांनी गर्दीची ठिकाणं एका वीकेंडला चक्क बंद ठेवली आणि शंभर स्वयंसेवक बोलावून वाटा दुरुस्त केल्या. कुंपण ओलांडून फी वाचवणाऱ्यांनी त्या शंभरांत नाव घालावं.

जायचंच असेल तर किमान सहा दिवस काढा. मिकिनेसची बोट पहिल्याच दिवसाची काढा, म्हणजे रद्द झाली तरी पुढे दिवस उरतात. पफिन ऑगस्टअखेर निघून जातात, त्याआधी जा. शेवटची रात्र विमानतळाच्या म्हणजे वागार बेटावरच काढा, आणि पुढचं कनेक्शन त्याच दिवसाचं ठेवू नका. जून-जुलैत रात्र अशी होतच नाही, तेव्हा रात्री दहाला धुकं उठलं तर जेवण सोडून बाहेर पडा. समुद्राखालच्या बोगद्यांचा टोल गाडीच्या भाड्यात आहे का ते आधी विचारा. शाकाहारी असाल तर थेपले न्या, लाजू नका :-)

मित्राने रकाना खोडला. तिथे आता ब्रुसेल्स आहे. बाबांची दुर्बीण माझ्याकडेच आहे, पुढच्या जूनसाठी आठ दिवसांची रजा टाकलीये.